परतलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो?

प्रश्न
विचारणारी: शिक्षिका, दापोली तालुका

माझा थोरला भाऊ बावीस वर्षे सौदी अरेबियात होता आणि त्यांतली शेवटची अकरा वर्षे त्याने जुबैल येथे एका कंत्राटदाराकडे पाइप वेल्डर म्हणून काढली. मागील वर्षी ऑगस्ट महिन्यात प्रकल्प संपल्याचे कारण देऊन कंपनीने त्याला आणि त्याच्या कॅम्पमधील अनेकांना ‘फायनल एक्झिट’वर, म्हणजे पुन्हा न येण्याच्या व्हिसावर, घरी पाठवले. पाच महिन्यांचा पगार थकलेला होता, नोकरी संपताना कायद्याने मिळणारी रक्कम मिळाली नव्हती, आणि निघण्याच्या आदल्या रात्री अरबी भाषेतील एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घेण्यात आल्या. त्या कागदावर काय लिहिले होते, हे त्याला आजही नीट ठाऊक नाही.

मला विचारायचे आहे ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल. पूर्वी तो दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर येई, तेव्हा एसटीच्या थांब्यावर त्याची बॅग उचलायला चारचार जण उभे असत, घरात आठवडाभर चहाचे आधण उतरत नसे, आणि वाडीतील पूजेची वर्गणी लिहिताना त्याचे नाव यादीत सर्वांत वर असे. या वेळी तो आला तेव्हा भेटणाऱ्या प्रत्येकाने प्रथम विचारले, ‘किती दिवस आहेस?’ त्याने ‘आता कायमचा’ असे सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलत असे, आणि ते मी अनेकदा पाहिले आहे. आमच्या नात्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सर्वांसमक्ष ‘बावीस वर्षांत एवढेच केलेस का?’ असे विचारले. त्याच आठवड्यात दुसरे एक शेजारी दोन लाख रुपये उसने मागायला आले, आणि नकार मिळाल्यावर ‘पैसा दाबून बसला आहे’ असे बाजारात सांगत फिरले. एकाच माणसाला एका घरात नालायक आणि दुसऱ्या घरात कंजूष ठरवले गेले. त्याची तब्येत कशी आहे, त्याच्यावर काय गुदरले, हे मात्र कोणीही विचारले नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने १०४ भारतीयांना लष्करी विमानातून अमृतसरला आणून सोडले, तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्यांना घातलेल्या बेड्यांच्या चित्रांवर झालेली चर्चा मला आठवते. त्या विमानात महाराष्ट्रातील तिघे होते. ‘बरे झाले, देशाची लाज घालवली’ असे म्हणणारे माझे सहकारी एरवी मनाने कठोर नाहीत. माझ्या भावाची गोष्ट अगदी वेगळी आहे, तो रीतसर व्हिसावर गेला आणि रीतसर परत आला. तरीही काही महिन्यांनी तीच नजर मला त्याच्याकडे वळलेली दिसली.

आता तो बाजारात जात नाही. कंपनीकडील पैशांचा विषय काढला की ‘गेले ते गेले’ म्हणून उठून जातो. परतून येणाऱ्या माणसाकडे आपला समाज नेहमीच असे पाहत आला आहे का? ज्यांच्या घरी असे माणूस परतले आहे, त्यांनी यातून वाट कशी काढली? आणि त्या पैशांसाठी अजून काही करता येण्यासारखे आहे का?


उत्तर पहिले
कुवेतहून परतलेला एक जण, मुंबई उपनगर

ताई, मी १९९० साली कुवेतहून परतलो. तेव्हा माझे वय चौतीस होते आणि मी वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करीत होतो. २ ऑगस्टच्या पहाटे इराकी सैन्य शहरात शिरले. पुढचे कित्येक दिवस आम्ही घराबाहेर पडलो नाही. नंतर मिळेल त्या बसने बसरा, बगदाद आणि तेथून जॉर्डनची सीमा असा प्रवास केला आणि वाळवंटातील तंबूंमध्ये पाण्याच्या रांगेत दिवस काढले. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आणले गेलो. एअर इंडियाने तेव्हा ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून एक लाख अकरा हजारांहून अधिक माणसे आणली, हे मी पुढे वाचले. त्या वेळी मला एवढेच कळत होते की सहार विमानतळावर माझे वडील उभे आहेत आणि माझ्या हातात एक पिशवी आहे.

आमचे स्वागत फार प्रेमाने झाले, हे मला प्रथम सांगायला हवे. विमानतळावर स्वयंसेवी मंडळी चहा, बिस्किटे आणि गावी जाण्याच्या रेल्वेगाडीची माहिती घेऊन उभी होती. आमच्या चाळीत पंधरा दिवस कोणत्या ना कोणत्या घरून जेवणाचा डबा येत असे. कुवेती दिनारांना त्या दिवसांत कोणी हात लावत नव्हते, तेव्हा वाण्याने मागील हिशोब न काढता सामान दिले. परंतु हा सारा जिव्हाळा दिवाळीपर्यंत टिकला. त्यानंतर ‘परत कधी जाणार?’ हा प्रश्न सुरू झाला, आणि जानेवारीत तिकडे प्रत्यक्ष युद्ध पेटल्यावर तर तो प्रश्न विचारताना लोकांच्या आवाजात एक प्रकारची अधीरता येऊ लागली. जणू माझे इथले असणे हीच काहीतरी चुकीची गोष्ट होती.

यावर मी पुष्कळ वर्षे विचार केला आहे. आमच्या परतण्यामागे युद्ध होते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे होती, त्यामुळे आम्हाला कोणत्या रांगेत बसवायचे हे लोकांना कळले. आम्ही आपद्ग्रस्त होतो. आपल्या भावाच्या परतण्यामागे छायाचित्र नाही. एका कंत्राटदाराने पैसे बुडवले, ही बातमी कोठेही छापून आली नसणार. कारण दिसत नाही तेव्हा लोक ते कारण माणसातच शोधतात, म्हणजे ‘ह्याचेच काहीतरी चुकले असेल’ असे धरून चालतात. दया आणि संशय ह्यांच्यामध्ये त्याला बसायला जागा उरत नाही.

दुसरी गोष्ट पैशांबद्दलची. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी भरपाईसाठी एक आयोग नेमला. इराक किंवा कुवेत सोडावे लागले, एवढ्याच कारणासाठी एकट्या माणसाला २५०० डॉलर आणि दुसरा कोणताही दावा न करणाऱ्याला ४००० डॉलर अशी ठरीव रक्कम होती. ते अर्ज आपल्या परराष्ट्र मंत्रालयामार्फत भरले जात होते. मी आपल्या भावासारखाच ‘गेले ते गेले’ म्हणत होतो. माझ्या वडिलांनी माझ्या जुन्या पासपोर्टवरील शिक्क्यांच्या नकला काढल्या, अर्ज भरला आणि माझ्यापुढे फक्त सहीसाठी ठेवला. पैसे अनेक वर्षांनी आले, पण आले. तेव्हा मला समजले की माझा नकार पैशांना नव्हताच. त्या कागदांकडे पाहिले की तंबूतले दिवस आठवत, आणि तेच मला नको होते. आपल्या भावाचेही असे असू शकेल, म्हणून त्याच्यावर रागावू नका.


उत्तर दुसरे
इतिहासाची अभ्यासक, पुणे

नेहमीच असे होते का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर दुर्दैवाने ‘बहुतांशी होय’ असे आहे, आणि त्यासाठी आखाताच्या फार मागे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकात गिरमिटाखाली, म्हणजे मजुरीच्या कराराखाली, फिजी, त्रिनिदाद, ब्रिटिश गयाना, सुरिनाम, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ अशा ठिकाणी गेलेले जे मजूर करार संपल्यावर परत आले, त्यांपैकी पुष्कळांना गावाने दाराबाहेर ठेवले. समुद्र ओलांडल्यामुळे जात गेली असे सांगून प्रायश्चित्त आणि जातभोजन यांच्या नावाखाली त्यांची शिल्लक काढून घेण्यात आली, आणि ती संपल्यावर नातलगांचे प्रेमही संपले. परदेशात जन्मलेल्या मुलांना तर गावाची बोलीही येत नव्हती. असे शेकडो लोक कलकत्त्याच्या मटियाबुर्ज भागात, गोदीच्या आसपास, हलाखीत राहत होते आणि ‘आम्हाला परत पाठवा’ म्हणून विनवण्या करीत होते. ज्या मळ्यांवर त्यांनी चाबूक सोसले, त्या मळ्यांकडे ते परत जाऊ इच्छित होते, आणि काही जण खरोखरच परत गेले. मायदेशाने दिलेल्या वागणुकीवर याहून कठोर साक्ष कोणती असू शकते, हे मला सांगता येत नाही.

पुढे १९२७ च्या केपटाउन करारानंतर दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने भारतात परत जाणाऱ्या प्रत्येक प्रौढाला २० पौंड आणि मुलाला १० पौंड देण्याची योजना चालवली. त्या योजनेखाली आलेल्यांचे काय झाले, याची पाहणी भवानी दयाल संन्यासी आणि बनारसीदास चतुर्वेदी यांनी केली आणि १९३१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. भवानी दयाल हे स्वतः जोहान्सबर्गमध्ये, गिरमिटियांच्या घरात जन्मलेले होते, त्यामुळे त्यांना ही माणसे परकी वाटली नाहीत. अहवालातील चित्र मटियाबुर्जसारखेच होते: पैसा संपला, काम मिळत नाही, गाव स्वीकारत नाही.

स्वातंत्र्यानंतरही हे थांबले नाही. १९६४ च्या सिरिमावो-शास्त्री करारानुसार श्रीलंकेच्या चहामळ्यांतील ५,२५,००० लोकांना भारताने घ्यायचे ठरले. त्यांच्यातील अनेकांना निलगिरीच्या मळ्यांत वसवण्यात आले आणि तमिळ बोलणाऱ्या या तमिळ माणसांना तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘सिलोनकारर’, म्हणजे सिलोनवाले, म्हणत राहिले. धर्म, जात, भाषा यांपैकी काहीही समान असले तरी परतलेल्या माणसाला वेगळे नाव देण्याची ही सवय फार खोलवर गेलेली आहे, असे मला दिसते.

आपल्याकडे ९ जानेवारीला प्रवासी भारतीय दिवस साजरा होतो, कारण १९१५ साली त्याच दिवशी गांधीजी आफ्रिकेतून मुंबईच्या बंदरात उतरले. परतून येणाऱ्याचा दिवस म्हणून निवडलेल्या त्या तारखेच्या सोहळ्यात परतलेला वेल्डर किंवा परतलेली घरकामगार स्त्री फारशी दिसत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.


उत्तर तिसरे
म्हसळ्याची एक गृहिणी

ताई, माझे यजमान सतरा वर्षे शारजात होते आणि २०२० च्या जूनमध्ये, करोनाच्या काळात, सरकारच्या ‘वंदे भारत’ मोहिमेच्या विमानाने परत आले. आमच्या मोहल्ल्यात आखातात माणूस नाही असे घर शोधावे लागते, म्हणून ‘नोकरी का गेली’ असे आम्हाला कोणी विचारले नाही. त्या वर्षी सर्वांचीच गेली होती. पण आमच्या वाट्याला दुसरी गोष्ट आली, ती भीतीची.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात परदेशातून येणाऱ्यांच्या डाव्या हातावर विलगीकरणाचा शिक्का मारायला सुरुवात झाली होती, आणि तसा शिक्का दिसला म्हणून पालघर स्थानकात प्रवाशांना गाडीतून उतरवल्याची बातमी आम्ही घरी बसून पाहिली होती. त्यामुळे यजमान येणार म्हटल्यावर मलाच धास्ती वाटली, हे आज कबूल करताना मला संकोच वाटत नाही. त्यांनी विलगीकरणाचे सगळे दिवस नेमाने पाळले. तरीही पुढे महिनाभर दूधवाला आमच्या पायरीवर न येता कुंपणापाशी भांडे ठेवून जात असे. ज्या हातांनी आमच्या मोहल्ल्यातील मशिदीच्या रंगकामाला पैसे पाठवले, ज्या हातांनी शाळेला पंखे दिले, त्या हातांकडे लोक शिक्का शोधत पाहत होते. यजमान काही बोलले नाहीत, पण त्यांनी तो हात खिशात ठेवायला सुरुवात केली, आणि शिक्का केव्हाच पुसला गेला तरी ती सवय वर्षभर गेली नाही.

त्याच वर्षी ७ ऑगस्टला दुबईहून आलेले विमान कोझिकोडच्या धावपट्टीवरून घसरून दरीत कोसळले आणि त्यात २१ जण गेले. ती वंदे भारतचीच फेरी होती. भर पाऊस, करोनाचा कहर, आणि तरीही कोंडोट्टी भागातील माणसे हाताला मिळेल त्या वाहनांतून जखमींना घेऊन धावली आणि रात्री रक्त देण्यासाठी रांगेत उभी राहिली. विमानातील माणसे परदेशातून आली आहेत, त्यांच्यापासून आजार लागेल, हा हिशोब त्यांनी केला नाही. मी त्या रात्री खूप रडले. आपल्याकडची आणि तिकडची माणसे वेगळ्या मातीची असतात असे मला वाटत नाही. समोर रक्त दिसले की माणूस धावतो. बाकीच्या वेळी मात्र आपण एकमेकांच्या जखमा पाहतच नाही, एवढेच.

आणखी एक सांगते, कारण याविषयी पुरुष बोलत नाहीत. गावापेक्षा घरात परतणे अधिक कठीण असते. सतरा वर्षे मी एकटीने मुले वाढवली, घर बांधून घेतले, सासऱ्यांचे आजारपण काढले. यजमान परत आले तेव्हा कपाटात त्यांच्या कपड्यांसाठी जागा नव्हती. धाकटी मुलगी त्यांच्याशी फोनवर तासभर बोलत असे, पण समोर आले की दाराआड उभी राहायची. कोणते बिल कधी भरायचे, कोणाच्या लग्नाला किती आहेर करायचा, हे ते विचारत आणि मी पटकन उत्तर देत असे. त्यांना त्याचा त्रास होत असे, आणि तो मला फार उशिरा कळला. तुम्ही वहिनींबद्दल एक अक्षरही लिहिलेले नाही. त्यांना जवळ बसवून विचारा. माझ्या माहेरच्या माणसांनी मला विचारले असते तर आमचे पहिले वर्ष कदाचित थोडे सोपे गेले असते.


उत्तर चौथे
नाशिकचा एक वाचक

येथे सहानुभूतीचा सूर योग्यच आहे, परंतु प्रश्नात आलेल्या अमृतसरच्या विमानाबद्दल मला वेगळे मत नोंदवायचे आहे. माझ्या मुलाने रीतसर परीक्षा दिल्या, शुल्क भरले, व्हिसा दोनदा नाकारला गेला आणि त्याने तो निर्णय मान्य केला. ज्यांनी जंगलातून आणि भिंतीवरून दुसऱ्या देशात प्रवेश केला, त्यांना परत पाठवले गेले तर त्यात अन्याय कोणता? अशा लोकांमुळे रीतसर अर्ज करणाऱ्यांकडेही संशयाने पाहिले जाते. कष्ट करून परतलेला वेल्डर आणि कायदा मोडून परतलेला माणूस यांना एकाच मापाने मोजू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.


पहिल्या उत्तराच्या लेखकाकडून

आपला मुद्दा मी समजू शकतो आणि आपल्या मुलाच्या संयमाबद्दल मला आदर आहे. दुसऱ्या देशाला आपल्या कायद्याप्रमाणे माणसे परत पाठवण्याचा अधिकार आहे, हेही मान्य. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी ६ फेब्रुवारी २०२५ रोजी राज्यसभेत सांगितले की अशी पाठवणी नवी नाही, आणि वर्षवार आकडेही दिले. एकट्या २०१९ मध्ये २,०४२ जण परत आले होते. त्या २,०४२ जणांबद्दल आपण कोणी एक शब्द तरी बोललो होतो का? २०२५ मध्ये बेड्या दिसल्या म्हणून आपण बोललो, आणि आपल्यातील अनेकांचा राग बेड्या घालणाऱ्यांपेक्षा त्या घातलेल्यांवर अधिक निघाला.

कायद्याने मोजायचे माप वेगळे आणि शेजाऱ्याने मोजायचे माप वेगळे असते. ‘डंकी’च्या, म्हणजे चोरट्या, वाटेने गेलेल्यांपैकी कित्येकांनी शेत विकून किंवा गहाण टाकून लाखो रुपये एजंटाला दिलेले असतात. माणूस परत येतो, कर्ज तसेच राहते, आणि एजंट त्याच तालुक्यात मोकळा फिरत असतो. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या म्यावाडी भागातून पाचशेहून अधिक भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी आणले गेले. नोकरीच्या आशेने नेऊन त्यांना सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर बसवले होते. त्यांतील कोण फसलेला आणि कोण सामील, हे पोलीस तपासतीलच. शेजाऱ्याने तो तपास आपल्याकडे घेऊ नये, एवढेच मला म्हणायचे आहे.


उत्तर पाचवे
कामगारविषयक दावे चालवणारा वकील, चिपळूण

मी मूळ प्रश्नातील शेवटच्या भागाकडे सर्वांचे लक्ष वेधू इच्छितो, कारण तेथे वेळ फार थोडा उरला आहे.

सौदी कामगार कायद्यानुसार नोकरी संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. आपला भाऊ मागील ऑगस्टमध्ये परतला आणि आज जूनचा मध्य आहे. म्हणजे जेमतेम दोन महिने हातात आहेत. ‘गेले ते गेले’ हे वाक्य ऑगस्टनंतर कायद्याच्या दृष्टीनेही खरे ठरेल, आज ते खरे नाही.

रक्कम किती, हे आधी त्याला कळू द्या. पाच महिन्यांचा थकलेला पगार हा एक भाग झाला. दुसरा भाग नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेचा. तिथल्या कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा आणि त्यापुढील प्रत्येक वर्षाला एका महिन्याचा पगार देय असतो. एका कंत्राटदाराकडे अकरा वर्षे झाली असतील तर पहिल्या पाच वर्षांचे अडीच महिने आणि पुढच्या सहा वर्षांचे सहा महिने, असे एकूण साडेआठ महिन्यांचे वेतन होते. थकलेले पाच महिने मिळवले तर साडेतेरा महिने. बावीस वर्षे घाम गाळणाऱ्या माणसाने वर्षभराहून अधिक कमाई दुसऱ्याच्या खिशात सोडून का द्यावी?

त्या अरबी कागदाची चिंता आहे, हे खरे. अशा कागदांवर बहुधा ‘सर्व रक्कम मिळाली’ असे लिहिलेले असते. त्याची प्रत किंवा मोबाइलमधील छायाचित्र असेल तर भाषांतर करून घ्या. नसेल तरी थांबू नका. सौदीमध्ये पगार बँकेमार्फत देण्याची सक्ती आहे, त्यामुळे पगाराच्या खात्याच्या उताऱ्यात त्या पाच महिन्यांच्या जागा रिकाम्या दिसतील, आणि सहीच्या कागदाला तेच सर्वांत सरळ उत्तर आहे. त्याखेरीज कराराची प्रत, अकाम्याची (तिथल्या वास्तव्य परवान्याची) प्रत, पासपोर्टवरील शिक्के, पगाराच्या पावत्या आणि हजेरीचे कोणतेही संदेश गोळा करा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर आजच तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा, पण केवळ तेवढ्यावर अवलंबून राहू नका. सौदीतील प्रक्रियेत प्रथम तिथल्या कामगार मंत्रालयाकडे समेटाचा टप्पा असतो, त्यासाठी २१ दिवस दिलेले असतात, आणि समेट झाला नाही तर प्रकरण कामगार न्यायालयात जाते. भाऊ इथे असल्यामुळे तेथे उभे राहणाऱ्या विश्वासू माणसाच्या किंवा वकिलाच्या नावे मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवावे लागेल. कोणाच्या नावे आणि कोणत्या शब्दांत, हे रियाधच्या भारतीय दूतावासाला लिहून विचारा. एकाच कॅम्पमधील अनेकांचे पैसे अडकले आहेत, म्हणून सर्वांनी मिळून तक्रार केली तर तिचे वजन वाढते.

पैसे नक्की मिळतील असे आश्वासन मी देणार नाही. माझ्याकडील काही दावे यशस्वी झाले, काही कंपनीच दिवाळखोर निघाल्यामुळे कागदावर राहिले. परंतु दावा दाखल करणारा माणूस आणि गप्प बसलेला माणूस यांच्या चालण्यात मला दरवेळी फरक दिसला आहे.

जाता जाता एक गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशातून देशात आलेल्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के आणि केरळचा १९.७ टक्के होता. केरळने १९९६ मध्येच परदेशस्थ केरळीयांसाठी ‘नॉर्का’ हा स्वतंत्र विभाग काढला, परतणाऱ्यांच्या व्यवसायासाठी योजना आखल्या, आणि किती माणसे गेली नि किती परतली यांची पाहणी तेथे १९९८ पासून ठरावीक वर्षांनी होत असते. जेथे परतलेल्या माणसाची मोजणी होते, तेथे त्याचे परतणे ही एक ओळखीची अवस्था बनते आणि कार्यालयात त्याच्यासाठी एक खिडकी असते. कोकणातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे आखातात गेली, आणि परतलेल्याने नेमके कोणत्या दारात जावे, हे मला आजही पक्षकाराला एका वाक्यात सांगता येत नाही. गावाने काय म्हणावे यावर आपला ताबा नाही, पण ही खिडकी आपण मागू शकतो आणि मागायला हवी.


प्रश्न विचारणारीकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. म्हसळ्याच्या ताईंचे उत्तर वाचून मला माझीच लाज वाटली. वहिनीला मी खरोखरच काही विचारले नव्हते. काल दुपारी तिच्यापाशी बसले तेव्हा तिने सांगितले की भाऊ रात्री दोन वाजता उठून ओटीवर बसतो, कारण तिकडे त्याची पाळी पहाटे सुरू होत असे, आणि दहा महिने झाले तरी शरीर ते विसरलेले नाही. त्याला पुन्हा जायचे आहे असे तिला वाटत होते, म्हणून ती भीतीने गप्प होती. त्याला जायचे नाही. हे त्यांनी एकमेकांना काल रात्री प्रथमच सांगितले.

वकीलसाहेबांचे उत्तर मी भावाला वाचून दाखवले नाही, छापून त्याच्या उशाशी ठेवले. सकाळी तो स्वतःच लोखंडी पेटीतून प्लास्टिकची एक फाइल घेऊन माझ्याकडे आला. बँकेचा उतारा त्याच्या मोबाइलमध्ये होता. पाच महिन्यांच्या जागा रिकाम्या आहेत, अगदी स्पष्ट दिसतात. अरबी कागदाची प्रत त्याच्याकडे नाही, पण त्याच कॅम्पमधील बिहारमधल्या सिवानच्या एका सहकाऱ्याने सही करण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढून ठेवले होते, असे त्याला आठवले. ऑगस्टपासून त्याने तिकडच्या एकाही माणसाला फोन केला नव्हता. आज त्याने केला. ते दोघे पाऊण तास बोलत होते, आणि मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. पगाराचा विषय बऱ्याच उशिरा निघाला. सुरुवातीला त्यांनी एकमेकांना ‘तुझ्या घरचे काय म्हणतात?’ एवढेच विचारले होते. सिवानमध्येही हेच चालले आहे, असे भाऊ फोन ठेवल्यावर म्हणाला. संध्याकाळपर्यंत आणखी तिघांचे क्रमांक सापडले आहेत. सोमवारी आम्ही पोर्टलवर तक्रार नोंदवणार आहोत.